नर्तकीच्या झालरीचे तुकडे

१

"ही ती नव्हे," पारखी म्हणाला आणि त्याने हातमोजे काढून खिशात घातले.

सकाळचे दहा वाजले होते आणि दिवाणखान्यात त्याच्यासकट सहा माणसं होती. टेबलावर वीतभर उंचीची चिनी मातीची नर्तकी एका चवड्यावर उभी होती. डावा हात डोक्यावर कमान करून आणि झालरीचा घागरा गिरकीत फुलवून. तिची खरी करामत त्या झालरीत होती. सुताची खरी जाळी पातळ मातीत बुडवायची, चुण्या घालून घागऱ्यावर चिकटवायची आणि भट्टीत टाकायची. सूत जळून जातं, मातीची जाळी उरते. दीडशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा कारागिराने ती केली होती. या घरच्या डॉक्टरीणबाई म्हणजे दिवंगत डॉक्टरांच्या पत्नी. त्यांचे वडील जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी ती तिकडून आणून लेकीला लग्नात दिली होती.

"नव्हे म्हणजे?" वकीलसाहेबांनी विचारलं. वकीलसाहेब म्हणजे डॉक्टरीणबाईंचा एकुलता एक मुलगा. आईचं कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला आपल्या घरी न्यायचं चाललं होतं. हा फ्लॅट रिकामा करायचा, नर्तकी लिलावात द्यायची, असं ठरलं होतं.

"नक्कल आहे. चांगली आहे, पण नक्कल. चेहरा आणि हात अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली हिरवट उजळतात. इतक्या जुन्या मालाचं असं होत नाही."

वकीलसाहेबांनी एक कागद फडकावला. "मग हे काय? अकरा वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र. 'स्वतः तपासली, अस्सल.' खाली सही या मामांची."

सगळे डिंकमामांकडे वळले. मामांचं काचसामान आणि चिनी माती सांधायचं दुकान होतं. चाळीस वर्षं तुटलेलं जोडता जोडता खरं नाव कुठल्या कुठे गेलं आणि डिंकमामा तेवढं चिकटून राहिलं. नर्तकीचा हात तुटला तेव्हा त्यांनीच जोडला होता. आज त्यांना बोलावलं होतं ते त्या कागदावर पुन्हा एक सही करायला.

"म्हणजे हिशेब सरळ आहे," वकीलसाहेब म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी खरी होती, आज खोटी आहे. बाबा गेल्यापासून घरात आई एकटी. आठ महिन्यांपूर्वी ही सिस्टर आली. कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. मामा, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की ही तुम्ही जोडलेली बाहुली नव्हे. बाकीचं चौकीवर बघतील."

सिस्टर डॉक्टरीणबाईंच्या चाकांच्या खुर्चीमागे उभी होती. तिशीची, अंगाने किडकिडीत, पांढऱ्या कोटाची कॉलर इस्त्रीची. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकदा पोलिसांत नाव गेलं की पुन्हा कुणाच्या आजारी आईपाशी कुणी उभं करणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टरीणबाई मांडीवरच्या शालीची किनार बोटाने गुंडाळत होत्या.

मामा खिशातलं भिंग काढून नर्तकीच्या दंडावर वाकले. दंडाला केसाएवढी बारीक रेघ होती. ती बघताच त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"आत्ता नाही लिहून देत," ते म्हणाले. "मला ही नीट बघायचीय."

"बघा. पाच वाजेपर्यंत," वकीलसाहेब म्हणाले. "पाचला मी फोन लावणार."

२

पारखी निघून गेला. मामा दुपारपर्यंत भिंग घेऊन नर्तकीसमोर बसले होते. जेवणं झाल्यावर वकीलसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे सूनबाईंनी, त्यांना गॅलरीत गाठलं. त्यांना कुणाचं वाईट बोलायचं नव्हतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि मग सुरुवात केली.

"गेल्या आठवड्यात मी अचानक आले. सिस्टर बाहुली टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत घालत होती! मला बघितलं तशी चपापली. म्हणाली, धुवायला काढलीय. बॅगेत धुतात का हो कधी?"

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, उगाच कशाला राईचा पर्वत. आता कळलं, पर्वतच होता."

मामा स्वयंपाकघरात गेले. सिस्टर डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या वाटीत काढत होती. प्रत्येक गोळी ती दोनदा मोजत होती.

"टॉवेलाचं खरं का?"

"खरं."

"कशासाठी?"

"ते मी सांगणार नाही."

"अगं बाई, पाच वाजता तुझ्या दारात गाडी येईल आणि तू मौन धरतेस?"

"सांगायचं नाही असं कबूल केलंय." तिने नळ सोडला आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुतली.

"कुणाला कबूल केलंयस?"

तिने नळ आणखी मोठा सोडला. मामांनी विषय बदलला. "बाहुली पुसायचं काम तुझं?"

"दर शनिवारी. मऊ कुंचल्याने. बाईंनी दुसऱ्याच दिवशी शिकवलं. झालरीचा कण जरी पडला तरी टाकायचा नाही. कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्याकडे द्यायचा. त्या वर तारीख लिहितात आणि शिवणाच्या कपाटातल्या पत्र्याच्या डबीत ठेवतात. लग्नापासूनच्या पुड्या आहेत तिच्यात."

मामांनी मान डोलावली. तुटलेलं जपून ठेवणारी माणसं त्यांना नेहमीच आवडत आली होती. ती होती म्हणून तर त्यांचं दुकान चाललं होतं.

"किटली ठेव गॅसवर," ते म्हणाले. "चहाची नव्हे, नुसत्या वाफेची. आणि माझ्याबरोबर थांब."

३

मामा जोडाला नेहमी सरस वापरत. बाजारात एकाहून एक पक्के गोंद आले तरी त्यांनी तो सोडला नाही. उद्या कुणाला जोड उघडावा लागला तर वाफेने सुटला पाहिजे, असं त्यांचे उस्ताद सांगत. आज तो उघडायची वेळ खुद्द त्यांच्यावरच आली.

नर्तकीला कापसात गुंडाळून त्यांनी फक्त दंड वाफेवर धरला. पाच मिनिटांत हात हलला. सात मिनिटांत सुटून तळव्यावर आला.

आत पितळी तार होती आणि तारेवर निळ्या रेशमाचे तीन वेढे होते.

तार सगळेच घालतात. रेशमाचे वेढे फक्त मामा घालत. निळं रेशीम हीच त्यांची सही होती, कागदावरच्या सहीपेक्षा जुनी.

मामा स्टुलावर बसले. ही बाहुली त्यांनीच जोडलेली होती. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात आली ती नक्कलच. महिनाभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि त्यांनी तिला अस्सल म्हणून लिहून दिलं होतं. तेव्हा त्यांच्याकडे जांभळा दिवा नव्हता. दिव्याची गरज काय, माझे डोळे आहेत की, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. आता ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. भीतीही वाटली. अर्ध्या शहरातली कपाटं त्यांच्या सहीच्या भरवशावर उभी होती.

जोड पुन्हा मिटवणं एका थेंबाचं काम होतं. "ही माझी नव्हे" एवढं म्हटलं की सुटले. सिस्टर किटली धरून समोर उभी होती आणि रेशमाकडे बघत होती. त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

मामा उठले, सुटा हात तळव्यावर घेऊन दिवाणखान्यात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते कोर्टात उभे राहत असतील तसे उभे राहिले.

"म्हणजे अकरा वर्षांपूर्वीही नक्कलच होती. मग दोनच गोष्टी संभवतात, मामा. एक तर तुम्हाला यातलं काही कळत नाही. नाहीतर सगळं कळतं. अस्सल बाहुली महिनाभर तुमच्या दुकानात होती, आणि परत आली ती ही."

सूनबाईंनी आपली पर्स उचलून जवळ घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी स्वतःच फासाचा दोर घेऊन आला होता.

४

"डबी आणा," मामा म्हणाले.

"कसली डबी?"

"आईंच्या पुड्यांची."

खुर्चीत शालीची किनार गुंडाळणारं बोट थांबलं. मामांनी ते पाहिलं.

टेबलावर काळं कापड अंथरून मामांनी एकेक पुडी तारखेप्रमाणे उघडली. एकतीस पुड्या निघाल्या. प्रत्येकीत नखाएवढा किंवा त्याहून लहान, पांढरा जाळीदार तुकडा होता. जुन्या पुड्यांवर तारखेखाली बारीक अक्षरात जागाही लिहिली होती: 'मागची बाजू, तिसरी चुणी.' 'डाव्या गुडघ्याखाली, काठ.' नंतरच्या पुड्यांवर नुसत्या तारखा होत्या.

"हे भिंग घ्या, आणि जाळीचे डोळे बघा," मामा वकीलसाहेबांना म्हणाले. "मी सांगत नाही, तुम्हीच सांगा."

वकीलसाहेब वाकले. बराच वेळ त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंग फिरवलं. "हे सगळे षटकोनी. आणि इथून पुढचे चौकोनी."

"आणि बाहुलीच्या अंगावर आज काय आहे?"

"चौकोनी."

"माती तीच दिसते, चुण्या त्याच, आधीच्या तुटक्या कडासुद्धा हुबेहूब तोडल्यात. करणारा हुशार होता. पण दीडशे वर्षांपूर्वीची विणलेली जाळी कुठून आणणार? पहिला चौकोनी तुकडा कधीचा आहे?"

"चौदा वर्षांपूर्वीचा."

"आणि माझ्या दुकानात आली अकरा वर्षांपूर्वी. पहिला चौकोनी तुकडा पडला तेव्हा ही मुलगी शाळेत तरी होती, नाहीतर नुकती सुटली होती. आता सोडा तिला."

क्षणभर मामांना वाटलं, सुटली. पण वकील तो वकीलच.

"पुडीवरचं अक्षर आईचं आहे, कबूल. पण आतला तुकडा बदलता येतो. डबी आठ महिने हिच्याच हाताखाली आहे, आणि हिचं नि तुमचं संगनमत नाही कशावरून? चौदा वर्षांपूर्वी मी वसतिगृहात होतो. या घरात फक्त आई आणि बाबा. म्हणजे तुमचं म्हणणं काय, माझ्या बाबांनी चोरी केली?" त्यांचा आवाज चढला. भिंतीवरच्या फोटोत डॉक्टर हसत होते, दातांच्या डॉक्टरांना शोभतील असे सगळे दात दाखवून. "त्यांचं नाव यात घ्यायचं नाही. आई, तूच सांग. तुकडे पहिल्यापासून असेच होते का?"

सगळे खुर्चीकडे वळले. सिस्टरही. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच आशा दिसली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या.

घड्याळात चारला दहा कमी होते.

५

मामा नर्तकी घेऊन आतल्या खोलीत गेले. सिस्टरने पडदे ओढले. आता मामांकडेही जांभळा दिवा होता. लोक मागतात म्हणून घेतला होता, पण मामा अजून त्याच्यावर रुसलेलेच होते. त्यांनी तो लावला. घागरा काळसर राहिला. चेहरा, दोन्ही हात आणि बारीक बोटं हिरवट पिवळी उजळली.

"असला रंग कुठल्या मातीचा?" मामा स्वतःशीच म्हणाले.

सिस्टर एवढ्या दुःखातही एकदम हसली आणि तिने तोंडावर हात धरला.

"काय झालं?"

"मामा, तुमचा पण उजळतोय. एक दात. बाकीचे निळसर दिसतात, तो एकटाच हिरवा."

मामांनी कपाटाच्या काचेत दात विचकून पाहिलं. समोरचा वरचा दात आणि नर्तकीचा चेहरा एकाच रंगाने चमकत होते.

तो दात डॉक्टरांनी बसवला होता, नर्तकीचा हात जोडल्याच्या बदल्यात. "तुम्ही माझं जोडलंत, मी तुमचं जोडतो," असं म्हणून ते हसले होते. दात बनला होता त्यांच्या दवाखान्यामागच्या छोट्या प्रयोगशाळेत. तिथे साचे, गिरमिटं आणि हातभर भट्टी होती, आणि दात घडवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची बोटं लांब होती आणि त्या मान वर करून कधी बघत नसत.

मामांना आणखी एक गोष्ट आठवली. डॉक्टरांना बाहुली विकायची नव्हती, तिचा विमा काढायचा नव्हता. तरी त्यांनी प्रमाणपत्र मागितलं होतं. मामांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "बायकोला वाचून दाखवायचंय."

दिवा बंद करून मामा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. त्या एकट्याच होत्या. मामांनी दार लोटून घेतलं.

"वहिनी, माझी चूक मी चारचौघांत सांगितली. उद्यापासून दुकानात किती लोक येतील देव जाणे."

"मग मी काय करू?"

"तुम्ही जुन्या पुड्यांवर जागा लिहायचात. का? कधीतरी तुकडा परत बसवता यावा म्हणून. चौदा वर्षांपूर्वीपासून जागा लिहिणं बंद झालं, पुड्या मात्र चालू राहिल्या. जी बाई झालरीचा कण पडला तरी तारीख घालते, तिला आख्खी बाहुली बदललेली कळणार नाही? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"गेल्या आठवड्यात पारखी येणार म्हणून तुम्ही सिस्टरला सांगितलंत, ही घेऊन जा, कुठेतरी टाक किंवा फोड. सूनबाई आल्या म्हणून ते राहिलं. सिस्टरने तुम्हाला शब्द दिला, कुणाला सांगणार नाही. तो ती सकाळपासून पाळतेय. कोण लागते ती तुमची, सांगा?"

"माझ्या मुलाला त्याचे बाबा म्हणजे देव आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झाकली मूठ आहे, मामा. एवढी वर्षं झाकली."

"मूठ तुमची. पण तुम्ही तिच्यात त्या पोरीची मान धरलीय."

बाहेर वकीलसाहेबांचा आवाज आला. ते चौकीचा नंबर विचारत होते.

६

खुर्ची सिस्टरनेच ढकलत दिवाणखान्यात आणली.

"फोन ठेव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहुली तुझ्या बाबांनी दिली. दवाखान्यामागच्या लॅबमधल्या बाईला. तिनेच ही नक्कल करून दिली, मला कळू नये म्हणून. मला पहिला तुकडा पडला तेव्हा कळलं. सिस्टरला बाहुली न्यायला मी सांगितलं होतं आणि शपथही मीच घातली होती. तिची माफी माग."

वकीलसाहेबांच्या हातात फोन तसाच राहिला. "आई, तू काय बोलतेयस?"

"खरं तेच. बाबा गेल्यावर ती दाराशी आली होती. खोक्यात खरी बाहुली घेऊन. मी घेतली नाही. घेतली असती तर दोन झाल्या असत्या आणि मला तुला सांगावं लागलं असतं."

सूनबाई हळूच खाली बसल्या. वकीलसाहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग या खोटीच्या पुड्या कशाला बांधत राहिलीस? चौदा वर्षं?"

"ते रोज जेवून उठले की आधी कपाटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मला कळलंय का ते बघायचे. पुड्या थांबल्या असत्या तर त्यांना कळलं असतं. मग बोलावं लागलं असतं. बोललो असतो तर दोघांपैकी एकाला या घरातून जावं लागलं असतं. तू तेव्हा परीक्षेला बसला होतास."

मग वकीलसाहेब सिस्टरसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. खाली मान घालून ते माफी मागत होते, आणि ती त्यांच्या डोक्यावरून डॉक्टरीणबाईंकडे बघत होती.

मामांनी टेबलावरचं आपलं प्रमाणपत्र उलटं केलं. मागे लिहिलं, 'माझी चूक झाली. ही नक्कल आहे,' आणि तारीख घालून सही केली. मग सुटा हात सरसाने पुन्हा दंडाला बसवला. नक्कल असली तरी ती मोडकी ठेवून जाणं त्यांना जमलं नसतं.

सिस्टरने पाच वाजताच्या गोळ्या दिल्या. पाणी दिलं. उशी नीट केली. मग सूनबाईंना बोलावून कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर ते दोनदा समजावून सांगितलं. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बॅग खांद्याला लावली.

"अगं, आता कशाला जातेस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सांगितलं ना सगळं."

"सांगितलंत, बाई."

"मग?"

"सकाळी दहा वाजता मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते. साहेब मला चोर म्हणाले. तुम्ही ऐकलंत. तेव्हापासून पाच वाजेपर्यंत तुम्ही ऐकतच होतात."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. सिस्टरने तो धरला, सवयीने नाडी पाहिली आणि शालीखाली नीट ठेवून दिला.

"उद्या सकाळी आठला दुसरी सिस्टर येईल," ती म्हणाली. "मी आमच्या नर्सिंग ब्युरोच्या ऑफिसात सांगून जाते."